पारणं नसलेले उपास

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

इटलीत फ्लॉरेन्सच्या दक्षिणेला सिएना नावाचं जुनं शहर आहे. टेकड्यांवर वसलेलं, तांबूस विटांच्या घरांचं. तिथल्या फाँतेब्रांदा या भागात पाण्याचा मोठा झरा होता. जिथे पाणी तिथे रंगारी, या न्यायाने कापड रंगवणाऱ्यांची वस्तीही तिथेच होती. त्यांच्यापैकी एक जाकोमो बेनिनकासा. खाऊनपिऊन सुखी माणूस. त्याची बायको लापा. या लापाला पंचवीसएक मुलं झाली. १३४७ साली तिला जुळ्या मुली झाल्या. त्यातली एक दाईकडे पाजायला दिली, ती गेली. दुसरी लापानं स्वतःच्या अंगावर पाजली, ती जगली. ही जगलेली मुलगी म्हणजे संत कॅथरीन. आज ती इटलीची एक संरक्षक संत मानली जाते आणि १९७० साली पोपनी तिला चर्चची आचार्य ही पदवीही दिली.

मला आज तिच्या संतपणाबद्दल फारसं बोलायचं नाही. तिच्या ताटाबद्दल बोलायचं आहे.

कॅथरीन वर्षाची झाली तोवर सिएनात प्लेग आला होता. १३४८ चा तो प्लेग युरोपच्या इतिहासात काळा मृत्यू म्हणून ओळखला जातो. शहरं ओस पडली. अशा काळात वाढलेली ही मुलगी सहा-सात वर्षांची असताना तिला आकाशात ख्रिस्त दिसला आणि तिने आजन्म कुमारी राहायचं मनाशी ठरवलं, असं तिचा चरित्रकार सांगतो. हा चरित्रकार म्हणजे कापुआ गावचा रेमंड. तो शेवटची काही वर्षं तिचा धर्मगुरू होता. तिच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी, १३९५ मध्ये, त्याने तिचं चरित्र पुरं केलं. आपल्याला ठाऊक असलेल्या बऱ्याच घरगुती गोष्टी त्यातूनच येतात. भक्ताने लिहिलेलं चरित्र आहे, तेव्हा चमत्कार पुष्कळ आहेत. पण मधूनच घरातली भांडी वाजतात तीही ऐकू येतात.

कॅथरीनला बोनाव्हेंतुरा नावाची एक मोठी बहीण होती, तिची फार लाडकी. तिचं लग्न झालं. नवरा वाईट नव्हता, पण त्याचे मित्र घरी येऊन अचकट विचकट बोलत. बोनाव्हेंतुरा झुरू लागली, वाळली. नवऱ्याने कारण विचारलं तेव्हा तिने सांगितलं की माझ्या माहेरी मी असलं बोलणं कधी ऐकलं नाही. नवरा सुधारला. ही गोष्ट रेमंड सहज सांगून जातो, पण मला ती महत्त्वाची वाटते. बाईचा शब्द घरात चालत नाही, पण तिचं वाळलेलं अंग पाहून मात्र माणसं हलतात, हे धाकट्या बहिणीने जवळून पाहिलं असणार. पुढे १३६२ मध्ये ही बहीण बाळंतपणात गेली.

आता घरच्यांनी कॅथरीनच्या लग्नाचा धोशा लावला. तिने काय केलं, तर डोक्यावरचे केस कापून टाकले. लापा संतापली. मुलीची स्वतंत्र खोली काढून घेतली आणि घरकामाचा सगळा भार तिच्यावर टाकला. वाढप, उष्टी, धुणी सगळं तिच्याकडे. कॅथरीनने त्यावरही तोड काढली. वडिलांना ख्रिस्त समजायचं, आईला मेरी, भावांना प्रेषित, आणि त्यांना जेवायला वाढायचं. म्हणजे सगळ्यांच्या ताटात वाढणारी हीच आणि स्वतःच्या ताटात जवळजवळ काही न घेणारीही हीच. शेवटी बापाला दया आली आणि तो म्हणाला की हिला आता कुणी आडवं जायचं नाही.

सोळाव्या वर्षाच्या सुमारास तिचं खाणं भाकरी, कच्चा भाजीपाला आणि पाणी एवढ्यावर आलं होतं. काही वर्षांनी भाकरीही गेली. विशीच्या मध्यावर तर अन्न पोटात ठरेनासं झालं. काही खाल्लं तर ते उलटून पडे आणि वेदना होत. घरच्यांनी आणि धर्मगुरूने दिवसातून एकदा तरी खा, अशी आज्ञा केली. ती तिने पाळून पाहिली, त्रास आणखी वाढला, आणि आज्ञा देणाऱ्यालाच माघार घ्यावी लागली.

गावात बोलणं सुरू झालं. कुणी म्हणे ही चोरून खाते. कुणी म्हणे सैतानच हिला भरवतो. कुणी म्हणे हा निव्वळ देखावा. लोकांच्या तोंडाला हात लावता येत नाही म्हणून ती पंगतीत बसून चार घास तोंडात घालू लागली आणि नंतर त्याची यातना भोगू लागली. फ्लॉरेन्सच्या एका धार्मिक गृहस्थाने तिला या उपासाबद्दल सावधगिरीचं पत्र लिहिलं. त्याला तिने दिलेलं उत्तर आज उपलब्ध आहे. त्यात ती आपल्या न खाण्याला व्रत म्हणत नाही, दुखणं म्हणते. इतरांसारखं मला खाता यावं म्हणून मी देवाची प्रार्थना करते, प्रयत्नही करते, अशा आशयाचं ती लिहिते. ज्या उपासाबद्दल लोकांनी तिला संत म्हटलं, त्यातून सुटका मिळावी म्हणून ती स्वतः देवाकडे मागणं घालत होती.

आणि याच काळात या बाईचा कामाचा झपाटा काय होता! प्लेगच्या रोग्यांची सेवा, भांडणाऱ्या घराण्यांमध्ये समेट, राजांना आणि सरदारांना पत्रं. तिची जवळजवळ चारशे पत्रं आज मिळतात. १३७६ साली ती फ्रान्समधल्या आव्हिन्योंला गेली आणि तिथे मुक्काम ठोकून बसलेल्या अकराव्या ग्रेगरी पोपला, आपल्या गादीवर रोमला परत चला, असं तोंडावर सांगून आली. पुढच्या जानेवारीत पोप रोमला परतला. श्रेय सगळं तिचं नव्हे, त्यामागे राजकारण पुष्कळ होतं. पण रंगाऱ्याच्या मुलीला पोपसमोर उभं राहून बोलता आलं, यात तिच्या उपासाच्या ख्यातीचा वाटा होता हे नाकारता येणार नाही.

१३८० च्या जानेवारीत, चर्चमध्ये पडलेल्या फुटीच्या दुःखात, तिने पाणीही सोडलं. २९ एप्रिलला रोममध्ये ती वारली. वय तेहतीस.

ही एकटी कॅथरीन असती तर गोष्ट वेगळी होती. पण १९८५ साली रुडॉल्फ बेल या अमेरिकन इतिहासकाराने इसवी सन १२०० पासूनच्या इटलीतल्या २६१ धार्मिक स्त्रियांची चरित्रं तपासली. त्यातल्या सुमारे १७० जणींबद्दल पुरेशी माहिती मिळाली आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणींत त्याला न खाण्याच्या आजाराची ठळक चिन्हं दिसली. आज डॉक्टर ज्याला अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा म्हणतात, त्याचंच हे जुनं रूप, फक्त तेव्हा ध्येय सडपातळपणाचं नव्हतं, पावित्र्याचं होतं, असं त्याचं म्हणणं. बापाच्या, नवऱ्याच्या, धर्मगुरूच्या सत्तेत वाढलेल्या मुलीला स्वतःचं म्हणून जे एकच राज्य मिळत होतं ते तिच्या पोटाचं, असा त्याचा मुद्दा.

दोन वर्षांनी कॅरोलाइन वॉकर बायनम या विदुषीचं पुस्तक आलं आणि तिने याला मुरड घातली. मध्ययुगातल्या स्त्रीच्या हाती जमीन नव्हती, पैसा नव्हता, गादी नव्हती. हाती होतं ते अन्न. रांधणं, वाढणं, भुकेल्याला देणं, बाळाला पाजणं. पुरुषाने संन्यास घेतला की तो संपत्ती सोडी, सत्ता सोडी. बाईने काय सोडावं? जे तिच्या ताब्यात आहे तेच. शिवाय ज्या धर्मात देव स्वतः भाकरीच्या रूपाने भक्ताच्या मुखात येतो, तिथे खाणं आणि न खाणं या दोन्हींचे अर्थ आपल्या डॉक्टरी चष्म्यातून पुरते दिसणार नाहीत, असं ती बजावते. कॅथरीनलाही इतर काही जात नसे, पण प्रसादाची ती भाकरी मिळावी म्हणून ती व्याकूळ असे.

मला बायनमबाईंचं बरंचसं पटतं. उगाच सातशे वर्षांपूर्वीच्या बाईला केसपेपर चिकटवण्यात अर्थ नाही. पण कॅथरीनचं ते फ्लॉरेन्सला पाठवलेलं पत्र वाचलं की बेलचंही खोटं म्हणवत नाही.

एक गोष्ट मात्र विसरू नये. न खाणाऱ्या या मुलींना धर्माने नुसतं डोक्यावर घेतलं असं नाही. असिसीची क्लेअर आठवड्यातले तीन दिवस काहीच खात नसे. तेव्हा स्वतः संत फ्रान्सिस आणि गावचे बिशप यांनी मिळून तिला रोज थोडी तरी भाकरी खाण्याची आज्ञा केली. स्वतः तपाच्या टोकाला गेलेल्या फ्रान्सिसला हे सांगावंसं वाटलं, यात सगळं आलं. पुढे हीच क्लेअर प्राग शहरातल्या ॲग्नेस या राजकन्येला पत्र लिहून उपासात विवेक ठेव, देह काही दगडधोंड्याचा नाही, असं कळकळीने समजावते. स्पेनच्या आव्हिला गावची संत तेरेसा तर फारच व्यवहारी बाई. १५७७ साली लिहिलेल्या आपल्या ग्रंथात ती मठाच्या प्रमुखांना बजावते की उपासाने आणि जागरणाने गळून गेलेल्या एखाद्या मुलीला समाधी लागली असं वाटू लागलं, तर तिला नीट खाऊ घाला आणि झोपू द्या. ते खूळ आपोआप उतरतं.

पण हे शहाणपण पसरलं नाही, कॅथरीनचा कित्ता मात्र पसरला. रिएतीची कोलुंबा तिच्या वाटेने गेली आणि १५०१ साली चौतिसाव्या वर्षी वारली. दूर पेरू देशात, लिमा शहरातली रोझ लहानपणापासून कॅथरीनला आदर्श मानत होती. ती एकतिसाव्या वर्षी गेली. १६७१ मध्ये ती संत झाली, अमेरिका खंडातली पहिली. चरित्र वाचून मुली उपाशी राहू शकतात. हल्ली आपण जाहिरातींतल्या आणि मोबाइलवरच्या चित्रांबद्दल बोलतो, पण त्या काळी हे काम संतचरित्रं करत होती.

आता पाचशे वर्षं पुढे, इंग्लंडच्या शेजारच्या वेल्समध्ये येऊ. कारमार्दनशर परगण्यात एक शेतकरी कुटुंब होतं, जेकब नावाचं. त्यांची मुलगी सेरा, जन्म १८५७. दहाव्या वर्षी ती आजारी पडली, झटके आले, आणि १० ऑक्टोबर १८६७ पासून तिने काहीच खाल्लेलं नाही असं आईबाप सांगू लागले. मुलगी अंथरुणावर, पण चेहरा टवटवीत. तिला नव्या नवरीसारखं फितींनी सजवून ठेवत. ती धर्मग्रंथ वाचून दाखवी. गावच्या पाद्र्याने आधी शंका घेतली, मग त्याची खात्री पटली आणि १८६९ च्या सुरुवातीला त्याने वर्तमानपत्रात पत्र लिहून, डॉक्टरांनी येऊन तपासावं असं आवाहन केलं. झालं! रेल्वेने माणसं येऊ लागली. लोक दर्शन घेत आणि जाताना पैसे ठेवत.

गावकऱ्यांनी पाळीपाळीने पहारा ठेवून पाहिला. काही सापडलं नाही. मग लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधून चार नर्स बोलावल्या. ९ डिसेंबर १८६९ ला त्यांचा पहारा बसला. मुलीने मागितलं तर द्यायचं, आपण होऊन खाण्याचं नाव काढायचं नाही, असा नियम. हा पहारा कडक होता. आजवर कुठून तरी गुपचूप मिळणारे चार घास आता बंद झाले. मुलगी दिवसागणिक खचत गेली. पाद्र्याने आईबापांना विनवलं की नर्सना परत पाठवा. बापाने ऐकलं नाही. याआधीही ती अशी झाली होती, म्हणाला. मुलीने मागितलं नाही. मागितलं असतं तर दोन वर्षांचा चमत्कार खोटा ठरला असता, आईबाप खोटे ठरले असते, पाद्री खोटा ठरला असता. बारा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर केवढं हे ओझं! १७ डिसेंबरला ती गेली. आठ दिवसांत.

आईबापांवर सदोष मनुष्यवधाचा खटला झाला. १८७० मध्ये बापाला बारा महिने सक्तमजुरीची आणि आईला सहा महिन्यांची शिक्षा झाली. पहाऱ्याची योजना करणाऱ्या डॉक्टरांना आणि खाटेशेजारी बसून तिला मरताना पाहणाऱ्यांना काही झालं नाही. खरं-खोटं सिद्ध करायच्या नादात मुलीला भूक लागली आहे का, एवढंच विचारायचं राहून गेलं.

योगायोग असा की त्याच गाय्ज हॉस्पिटलमधले नामांकित डॉक्टर सर विल्यम गल यांनी चारच वर्षांनी या दुखण्याला नाव दिलं. १८७३ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी लंडनच्या वैद्यक मंडळात निबंध वाचला आणि पुढच्या वर्षी तो छापून आला. अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा हा शब्द तिथला. त्याच वर्षी पॅरिसमध्ये लासेग या डॉक्टरांनी स्वतंत्रपणे याच दुखण्यावर लिहिलं. लासेगनी मुलीइतकंच घराकडेही पाहिलं. घरची माणसं आधी लाडीगोडी लावतात, मग रागावतात, सगळं घर मुलीच्या ताटाभोवती फिरू लागतं, आणि मुलगी मात्र शांतपणे म्हणते की मला काही झालेलं नाही. ज्या घरात अशी मुलगी आहे त्या घरच्या माणसांना हे वर्णन कालपरवाचं वाटेल. या दोघांच्या लेखांपासून उपाशी मुलगी देवाच्या ताब्यातून डॉक्टरच्या ताब्यात गेली, असं म्हणायला हरकत नाही.

पण गेली ती पूर्णपणे नव्हे. सिमोन वेल ही फ्रेंच तत्त्वज्ञ स्त्री आपल्याकडच्या वाचकांना ठाऊक असेल, कारण गीता मुळातून वाचता यावी म्हणून ती संस्कृत शिकली होती. लहानपणी, पहिल्या महायुद्धात, सैनिकांना मिळत नाही म्हणून तिने साखर सोडली होती. दुसऱ्या महायुद्धात ती लंडनला होती. शत्रूच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये माणसांना जेवढं अन्न मिळतं त्याहून जास्त आपण खायचं नाही, असा तिचा हट्ट. त्यात क्षय झाला. २४ ऑगस्ट १९४३ ला ती गेली, चौतिसाव्या वर्षी. मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, मनाचा तोल ढळून अन्न नाकारल्यामुळे आत्महत्या, असा शेरा मारला. तिचे चाहते अजूनही त्या शेऱ्यावर रागावतात. आजारपणाची बातमी तिने न्यूयॉर्कला असलेल्या आईवडिलांना शेवटपर्यंत कळू दिली नाही. हसरी पत्रं लिहीत राहिली.

उपासाने मन निर्मळ होतं असं आपण म्हणतो, आणि एका मर्यादेपर्यंत ते खरंही असेल. त्या मर्यादेपलीकडे काय होतं ते मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये पाहिलं गेलं. महायुद्धात शस्त्र धरायला धर्मश्रद्धेमुळे नकार दिलेल्या ३६ निरोगी तरुणांनी, युद्धानंतर युरोपातल्या भुकेल्यांना कसं पोसायचं ते कळावं म्हणून, चोवीस आठवडे अर्धपोटी राहायचं कबूल केलं. ही शहाणी, धीराची माणसं. पण काही आठवड्यांत ती चिडचिडी, एकलकोंडी, खिन्न झाली. दिवसरात्र अन्नाचा विचार, पाककृतींची पुस्तकं जमवणं, एकेक घास तासन् तास चिवडणं. आपण ज्याला मुलीचा स्वभाव किंवा तिचं वैराग्य समजतो, त्यातलं कितीतरी नुसत्या भुकेने होतं, हे तिथे दिसलं. म्हणून आजचे डॉक्टर आधी पोटात अन्न जाऊ द्या, बाकीचं बोलणं त्याबरोबर आणि त्यानंतर, असं सांगतात. मानसिक आजारांत सर्वाधिक जीव घेणाऱ्यांपैकी हा एक आहे. तो मुलांनाही होतो, पण मुलींना फार जास्त.

मी डॉक्टर नव्हे, इतिहासाची माणूस आहे. पण मराठी भाषेने माझ्या हाती एक शब्द ठेवला आहे, तो मला या सगळ्या वाचनात उपयोगी पडला. तो म्हणजे पारणं. आपल्याकडची निर्जळी एकादशी असो, हरतालिका असो, ती दुसऱ्या दिवशी सुटते. ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपास ईस्टरला सुटतो, मुसलमानांचा रोजा रोज संध्याकाळी. आजाऱ्याला, गरोदर बाईला सगळीकडे सूट आहे. चार बायका मिळून उपास करतात आणि मिळून सोडतात. एकादशी अन् दुप्पट खाशी असं आपण हसून म्हणतो, पण त्या हसण्यात उपास सुटल्याचा आनंद आहेच. कॅथरीनच्या उपासाला पारणं नव्हतं. सेराच्याही नाही. सोमवार झाला की गुरुवार, गुरुवार झाला की चतुर्थी, मग नुसतीच भूक नाही, असं करत घरातल्या मुलीचे वार वाढत चालले आणि सोडायच्या दिवशीही तिचं ताट तसंच राहू लागलं, तर तिच्या श्रद्धेचं कौतुक जरा बाजूला ठेवून तिला डॉक्टरकडे न्यावं. तिची श्रद्धा खोटी आहे असं त्याने ठरत नाही. फ्रान्सिसनेही क्लेअरच्या श्रद्धेवर शंका घेतली नव्हती.

आता राहिली लापा. चरित्रात ती बिचारी कायम आरडाओरडा करणारी, संसारी, अध्यात्म न कळणारी बाई म्हणून येते. मुलीला कठीण अंथरुणावरून उठवून आपल्या कुशीत निजवणारी, तिला गरम पाण्याच्या झऱ्यांवर हवापालटाला नेणारी हीच. नवऱ्याच्या मागे तीही मुलीच्या पंथात सामील झाली. मुलांची, नातवंडांची मरणं पाहत ती म्हातारी झाली. कॅथरीनच्या लहानपणाची हकिगत लिहायला रेमंड बसला तेव्हा ती सांगणारी मुख्यतः हीच होती. कॅथरीनचा देह रोममध्ये पुरला, पण काही वर्षांनी तिचं मस्तक सिएनाला आणलं गेलं. ते अजून तिथल्या सान दोमेनिको चर्चमध्ये आहे. ते शहरात आणलं तेव्हा मोठी मिरवणूक निघाली होती, आणि तिच्यात लापाही चालत होती, असं सिएनाची परंपरा सांगते.